एका भोंग्याचा खर्चा

ज्यांनी मंठ्याहून एवढी धूळ खात येऊन अध्यक्षपदाची खुर्ची भरली ते आमचे काकासाहेब, त्यांच्या शेजारी बसलेले तहसीलदारसाहेब, पेठेतले व्यापारी बंधू, मांडवाच्या डाव्या अंगाला बसलेल्या आमच्या कापसाच्या जिनातल्या सगळ्या बाया आणि त्यांच्या मुकादमीण चतुराबाई, पडद्यापलीकडं बसलेल्या बदरुन्निसाबी, आणि ज्यांच्यासाठी हा मांडव घातला ते त्यांचे यजमान, आमचे रहमतुल्लाभाई मिस्त्री, या सर्वांना कडूबाचा रामराम आणि सलाम.

भाषणाच्या आरंभी देवाचं नाव घ्यायची रीत आहे. ते माझ्या आधी बोललेल्या गृहस्थांनी पुरेसं घेतलंय, म्हणून मी हिशेबानं आरंभ करतो.

आमच्या कारखान्याचा भोंगा एकदा वाजायचा, तेव्हा सिंगरेणीच्या कोळशाची अर्धी पाटी जायची. हा कोळसा सिकंदराबादेला डबा बदलून इथवर यायचा. म्हणजे दोनदा भरणावळ, दोनदा उतरणावळ, आणि वाटेत गळला तो वेगळा. पाणी विहिरीचं, मोटेनं ओढलेलं. त्यात बैलांची वैरण धरा. भोंग्यापुरती वाफ चढावी म्हणून भट्टी कामाच्या कितीतरी आधी पेटवावी लागे. ते जळण धरा. ती पेटवायला एक माणूस अंधारात घरून निघायचा. त्याची झोप कोणत्या रकान्यात धरायची ते मला अजून समजलेलं नाही. हे झालं एका भोंग्याचं. असे दिवसाला चार. हंगाम उठेपर्यंत आगगाडीचा जवळपास अर्धा डबा कोळसा निव्वळ आवाज होऊन आभाळात गेलेला असायचा. त्यातून ना रुईचा तंतू निघाला, ना सरकीचा दाणा.

आणि मी? मी पेठेत छाती काढून सांगायचो, की अख्खं जालना कडूबाच्या भोंग्यावर उठतं. हे वाक्य इथं बसलेल्यांपैकी निम्म्यांनी माझ्या तोंडून ऐकलंय, आणि उरलेल्या निम्म्यांनी माझी नक्कल करणाऱ्यांच्या तोंडून. हसू नका, मलाही ऐकू येतं. माझे कान बरे आहेत.

कानांचं निघालंच आहे तर नव्या मंडळींसाठी सांगतो. मी मुळात बंडीवाला. मंठ्याकडचा कापूस बंडीत भरून जालन्याच्या बाजारात आणायचो. काकासाहेबांच्या वडिलांचा मालही आणलाय. मोठा माणूस; भाडं वेळेवर द्यायचे, पान मात्र ज्यानं त्यानं आपापलं खायचं. शाळा मी बाहेरून पाहिली. पण बंडीवर बसून एक धडा शिकलो. कण्याला वंगण नसलं की चाक कुरकुरतं, आणि बैलाचा अर्धा जोर त्या कुरकुरीत जातो. नको तो आवाज जिथं येतो, तिथं कोणाची तरी मेहनत वाया चाललेली असते. एवढ्या एका गोष्टीवर मी हा कारखाना उभा केला. आणि बघा मंडळी, सगळ्यात मोठा नको तो आवाज मीच माझ्या छपरावर बसवून ठेवला होता.

मंदीचं वर्ष आठवतं ना? कोणाला आठवत नाही? मुंबईचे एक खरेदीदार तेव्हा आपल्या गाठी घेऊन जपानला कोबे बंदरात धाडायचे. नाव घेत नाही, सज्जन माणूस. ते आले, ह्याच ओट्यावर बसले, रुईची चिमूट बोटांत धरून ओढून पाहिली आणि म्हणाले, “कडूबाशेठ, कापूस नेक आहे. गाठ महाग आहे. खानदेशची गाठ ज्या खर्चात कोबेला उतरते, त्या खर्चात तुमची कशीबशी मनमाडला पोचते. पुढच्या हंगामात असंच असलं तर मी जालन्याचं तिकीट काढणार नाही.”

खोटं काय होतं त्यात? मनमाडला आपली छोटी गाडी संपते आणि मोठी सुरू होते. प्रत्येक गाठ माणसाच्या पाठीवरून ह्या डब्यातून त्या डब्यात जाते. वर करोडगिरी, सरकारची जकात. आता मनमाड काही मला उचलून अलीकडं आणता येत नव्हतं, आणि करोडगिरीबद्दल तहसीलदारसाहेबांच्या शेजारी उभं राहून मी काय बोलणार? कोबेच्या गिरणीवाल्याच्या दारात अमेरिकेची गाठ येते, मिसरची येते, कुठकुठली येते. त्याला जालना कुठं आहे ठाऊक नाही. आपली छोटी गाडी, आपली मंदी, आपली लेकरंबाळं, हे त्यानं का ऐकावं? तो रुई बघतो आणि भाव बघतो. म्हणजे जे काही कमी करायचं ते ह्या कुंपणाच्या आत. नाही तर फाटकाला कुलूप, आणि ह्या डाव्या अंगाला बसलेल्या बायांनी दुसरं काम बघायचं.

मी काय केलं? अंगणात बाज टाकली आणि डोळे मिटून पडलो. सगळ्यांना वाटलं, शेठ खचले. चतुराबाई तर जवळ येऊन म्हणाल्या, “मालक, झोपायचंच असलं तं घरी झोपा. हितं रुई उडून राह्यली, नाकात जाईल.”

मी ऐकत होतो. लांबचा पट्टा ढिला होता, फेऱ्यागणिक फटकारा मारायचा. तेवढा इंजिनाचा जोर हवेत. हमाल ओझं टाकताना हुश्श करतात, ते एकाच कापसाला तीन जागी ऐकू आलं. बंडीतून ढिगावर, ढिगावरून कोठीत, कोठीतून जिनावर. तीनदा उचलून कापूस काही जास्त पांढरा होत नाही. दुसऱ्या दिवसापासून बंडी थेट ओट्याला लावली. हमालांचे दोन हुश्श वाचले आणि माझा खर्चा वाचला. बरं वाटलं.

त्याच दिवशी, मी बाजेवर असतानाच, दुपारची भाकरीची सुट्टी झाली. सरकी काढणारे जिन थांबले, गाठी दाबणारी प्रेस थांबली, बाया लिंबाखाली बसल्या. सगळीकडं शांत. आणि त्या शांततेत एकच आवाज राहिला, बॉयलरच्या भट्टीचा. काम बंद, माणसं जेवतायत, आणि ती आपली खातेच आहे, खातेच आहे. तो आवाज मला आधीही ऐकू येत होता. पण त्या आवाजाजवळ रहमतुल्लाभाई बसायचे, म्हणून तिकडं कान न्यायचं मी टाळत होतो.

रहमतुल्लाभाई ह्या कारखान्यात बॉयलरबरोबरच आले. हैद्राबादचा परवाना, काचेत घालून भिंतीवर लावलेला. तपासणीला येणारे साहेबसुद्धा त्या काचेकडं बघून आवाज खाली आणायचे. भोंग्याची साखळी दुसऱ्या कोणी ओढायची नाही, हा त्यांचा कायदा. रमजानमध्ये संध्याकाळचा भोंगा ते रोजा सोडायच्या वेळेला असा बराबर द्यायचे, की जिलेबीची परात घेऊन बसलेला हलवाईसुद्धा हात जोडायचा. आता अशा माणसाला कसं सांगायचं, की तुमची भट्टी मला परवडत नाही?

मी गेलो. म्हणालो, “भाई, तेलाचं इंजिन आणावं म्हणतो.”

त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं. म्हणाले, “बॉयलर मेरा है मालक, कारखाना तुमारा. बोलो, किसकू बचाना है?”

त्यांनीच फावडं पुन्हा हातात घेतलं. म्हणाले, “पहले तौल के देखो.”

तसं तोलायचं ठरलं. इंजिन विकणाऱ्यानं एक इंजिन आणि एक पोरगेला फिटर परीक्षेपुरता धाडला. एकाच ढिगाचा कापूस निम्मा निम्मा केला. निम्म्याच्या गाठी वाफेवर, निम्म्याच्या तेलावर. कोळसा आणि तेल लिहायला आमचे फाटकावरचे रखमाजी बसवले. पेठेतले शहाणे मला म्हणाले, “कडूबाशेठ, ज्याची भाकरी बॉयलरवर, त्याच्याच हातात फावडं देता? दोन पाट्या इकडच्या तिकडं झाल्या तर तुम्हाला समजणार का?” मी म्हणालो, बघू.

रखमाजीचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. माणूस इमानी, पण दुपारी भट्टीच्या उबेला बसवलं की मान खाली जाते. मी भिंतीच्या ह्या अंगाला होतो. आतून रहमतुल्लाभाईंचा आवाज आला, “ओ रखमाजी, ये पाटी लिख्या क्या?”

“कोन्ती?”

“अब्बी डाल्या वो.”

“न्हाई जी, डोळा लागल्ता.”

“तो लिख. जल्दी लिख.”

मंडळी, मी पुष्कळ भाव ऐकले, पुष्कळ सौदे ऐकले. स्वतःच्या विरुद्ध गेलेली पाटी लिहून घ्यायला लावणारा आवाज मी तो एकच ऐकला. रहमतुल्लाभाई, तुम्ही मान खाली घालून बसलात तरी मी हे सांगणार. तुमचं कौतुक तोंडावर करायचं नाही, ह्या तुमच्या कायद्यातून आज मी मोकळा आहे.

परीक्षेत तेल जिंकलं. पण केवढ्यानं? आमच्या सगळ्यांच्या अंदाजापेक्षा फार थोडक्यानं. त्या परीक्षेत रहमतुल्लाभाईंनी कोळसा इतका जपून जाळला, की तसा तो ह्या कारखान्यात कधीच जळाला नव्हता. मी जरा घुश्शातच विचारलं, “ही काटकसर इतकी वर्षं कुठं होती, भाई?”

म्हणाले, “तुमकू भोंगा जोर का होना था ना मालक. पिछाड़ी के प्रेस से जोर का. जोर का भोंगा, तो भाप ज्यादा. भाप ज्यादा, तो कोयला ज्यादा. ये परीक्षा में भोंगा था नई.”

खरं होतं. मागच्या गल्लीतल्या प्रेसपेक्षा आपला आवाज मोठा हवा, म्हणून मुंबईहून मोठा पितळी भोंगा मीच मागवला होता. आता ह्याला कारखान्याचा खर्चा म्हणायचं, की कडूबाचा?

पण थोडक्यानं का होईना, तेल स्वस्त पडत होतं, आणि भाकरीच्या सुट्टीत ते काही खात नव्हतं, म्हणून तेलाचं इंजिन घ्यायचं ठरलं. तेलाच्या इंजिनाला वाफ नाही, आणि वाफ नाही तर भोंगा नाही. ही बातमी गावात गेली आणि माझ्याकडं शिष्टमंडळ आलं. शाळेचे मास्तर म्हणाले, पोरं वेळेवर कशी येतील? हलवाई म्हणाला, दूध कधी चढवू? एक वकीलसाहेब म्हणाले, भोंगा ही जालन्याची शान आहे. त्या दिवशी बाजाराला आलेले एक मोठे जमीनदारही त्या मंडळींत होते. ते आज ह्या सभेचे अध्यक्ष आहेत, हे मी कोणाला सांगणार नाही. मशिदीकडचे एक बुजुर्ग म्हणाले, “रमजान आ रह्या है. रोजा किस पर छोड़ना?”

रहमतुल्लाभाई दारात उभे होते. म्हणाले, “चाचा, सूरज डूबना बंद हुआ क्या?”

बुजुर्ग हसले. बाकीचे अडून बसले. नुसता भोंगा वाजवायला तेवढा बॉयलर तापता ठेवा, म्हणाले. मी म्हणालो, “बिलकुल. जालन्याची शान आहे, तर खर्चा जालन्यानं वाटून घ्यावा. रखमाजी, दौत-टाक आणा.” दौत येईपर्यंत मंडळींना आपापली कामं आठवली. चहा मात्र सगळ्यांनी पुरा घेतला. तोही मी गाठीच्या खर्चात धरला होता. काकासाहेब, आता सोडून देतो.

हंगामाचा शेवटचा दिवस आला. शेवटची गाठ बांधून झाली. रहमतुल्लाभाई माझ्याकडं येऊन म्हणाले, “मालक, जो भाप बची है, वो मेरी.”

मी म्हणालो, “तुमचीच.”

त्यांनी साखळी धरली आणि सोडलीच नाही. भोंगा पूर्ण आवाजात सुटला. बाया केसांतली रुई तशीच घेऊन उभ्या राहिल्या. सराफ्यात कोणाला आग लागल्यासारखं वाटलं, तिकडून माणसं धावली. हळूहळू आवाज उतरला, जाडा झाला, मंग घोगरा, आणि शेवटी एखादा म्हातारा झोपेत श्वास सोडतो तसा नुसता वारा आला. रहमतुल्लाभाईंनी साखळी सोडली, हात पुसले, भिंतीवरचा परवाना उतरवला आणि काखेत धरून घरी गेले. त्या रात्री मी बदरुन्निसाबींना निरोप धाडला, की मिस्त्रींचं काम गेलेलं नाही. त्यांचा उलट निरोप आला: “काम नई, उनकी जंजीर गई. दो दिन छोड़ दो, अपने आप आएँगे.”

दोन दिवसांनी आले. त्या पोरगेल्या फिटरला त्यांनी उस्ताद म्हणून हाक मारली. तो लाजून त्यांना चाचा म्हणायचा आणि हे त्याला उस्ताद. नव्या इंजिनावर हात ठेवून त्यांनी पहिल्यांदा काय म्हटलं असेल? “इसकू दमा है मालक.” आणि त्या दम्याच्या इंजिनाला त्यांनी सात हंगाम असं सांभाळलं, की इंजिन विकणारे आता आपलं गिऱ्हाईक दुसऱ्या गावाहून इथं दाखवायला आणतात. भट्टीवरचे दोघे जण ओट्यावर लागले. एक जण मात्र रुसून गावाकडं परतला, हेही सांगून टाकतो. सगळे सुखी झाले असं म्हणायची चाल आहे, पण तसं झालं नाही.

पुढच्या हंगामात मुंबईचे गृहस्थ पुन्हा आले. रुई ओढून पाहिली. गाठीचा खर्च विचारला, मी सांगितला. त्यांनी ओट्यावर मांडी घातली. म्हणाले, “शेठ, चहा सांगा.” घेणारा माणूस चहा मागतो तेव्हा बंडीवाल्यालाही समजतं. आज आपली गाठ कोबेला खानदेशच्या गाठीशेजारी उतरते. मागच्या गल्लीतल्या प्रेसचा भोंगा अजून छपरावर आहे. खाली फाटकाला कुलूप आहे. मला त्याचा आनंद नाही. तिथल्या बायांपैकी कितीतरी आज आपल्याच ओट्यावर बसतात.

तर असे हे आमचे रहमतुल्लाभाई उद्यापासून लेकीकडं, मैमूनाकडं, हसनाबादला राहायला चालले. डोळ्यांना आता इंजिनाच्या काचेतलं तेल नीट दिसत नाही म्हणतात. रखमाजी, ते लाल कापड काढा. सकाळपासून सगळे विचारतायत, खाली काय आहे. हा तो पितळी भोंगा. मोडीवाला चांगला भाव देत होता. मी दिला नाही. काकासाहेबांच्या हातून तो ज्याचा त्याला जाऊ द्या. हसनाबादला तो वाजणार नाही, पण वजन आहे, दाराला टेकण म्हणून चालेल.

अध्यक्षमहाराजांनी आपली थट्टा मोठ्या मनानं सोसली, तहसीलदारसाहेब करोडगिरीच्या वेळी दुसरीकडं बघत राहिले, व्यापारी बंधूंनी दुकानं लवकर बंद केली, बायांनी मांडव सारवला, ह्या सगळ्यांचा मी आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कोणाला लागलं असेल, कोणाचं नाव राहिलं असेल, तर बंडीवाल्याची जीभ म्हणून पोटात घाला.

आणि एक गोष्ट राहिली. रहमतुल्लाभाई जायच्या आत ती त्यांच्यासमोरच सांगितली पाहिजे.

बिनभोंग्याच्या पहिल्या हंगामाचा पहिला दिवस. मला जाग आली तेव्हा ऊन पांघरुणावर आलेलं. पागोटं हातात घेऊन धावत निघालो. वाटेत मनाशी म्हणत होतो, आज ओटा रिकामा असणार, गावाची घडी बिघडणार, शिष्टमंडळ पुन्हा येणार. फाटकाशी आलो. फाटक बंद. आतून इंजिनाचा दमा चाललेला, जिन चाललेले.

रखमाजी गजांतून म्हणाले, “घड्याळावर बंद केलं, मालक. उशिरा येणाऱ्यानं भायेर थांबायचं. तुमचाच हुकूम हाय.”

आतून चतुराबाई आल्या. “काय मालक, भोंगा ऐकू न्हाई आला का?”

मी विचारलं, “आणि तुम्हाला जाग कशी आली?”

“आमाला? दळण, भाकरी, लेकराचं करून निघायचं, मंग आमी भोंग्यावर उठून कसं चालंल? भोंगा व्हायचा तव्हा आमी सगळ्या हितं फाटकापशी तंबाखू चोळीत बसेल राह्यचो.”

रहमतुल्लाभाई इंजिनाशी उभे होते. मी तिथूनच ओरडून विचारलं, “भाई, तुम्हाला ठाऊक होतं?”

“हौ. पहले औरतां आते, बाद में मैं जंजीर खींचता.”

“मंग मला कधी बोलला का नाहीत?”

“तुमकू खुशी होती थी मालक. मैं कायकू बोलूँ?”

शाळेत त्या दिवशी पोरं वेळेवर गेली, हलवायाचं दूध वेळेवर चढलं, हे मी नंतर विचारून घेतलं. अख्ख्या जालन्यात त्या भोंग्यावर उठणारा माणूस एकच होता, आणि रखमाजीनं त्याला अर्धा घंटा फाटकाबाहेर उभं केलं.